पहिल्यांदा रेंजवर जाताय? आधी खांदा, कान आणि रीतभात

कॉलेजात एनसीसीला होतो तेव्हा कामठीच्या बाजूला एका फायरिंग रेंजवर आम्हाला .३०३ ही जुनी फौजी रायफल चालवायला नेलं होतं. ट्रकमधून उतरलो, रांगेत बसलो. पुढच्या पोरांचा एकेक राउंड वाजत होता तसतसा माझा खांदा आपोआप मागे सरकत होता. माझी पाळी आली तेव्हा दस्ता (रायफलीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) खांद्यात बसवायचा सोडून मी दंडावर घेतला होता, वर मध्ये दोन बोटं फट, म्हणजे लागायला नको. पाच राउंड झाले. उस्ताद शांतपणे म्हणाले, "तूने कंधे से नहीं लगाया, तो वो खुद आके लगी, बेटा." दंड आठवडाभर जांभळा होता. टार्गेटवर माझ्या नावाचं एकच भोक होतं आणि तेही शेजारच्याचं असावं असा मला आजही संशय आहे.

आता रविवारी सकाळी रेंजवर नवीन माणसं येतात तेव्हा त्यांच्या बाजूला उभं राहायचं काम माझ्याकडे असतं. एअर रायफल शिकायला आलेली शाळेतली पोरं असतात, भरतीची तयारी करणारे असतात. रानडुकरांपायी परवाना काढलेले, घरची १२ बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, कधी नीट न चालवलेले काटोल-उमरेडकडचे शेतकरीही असतात. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: "लय जोरात लागते काय जी?"

लागते, पण त्याचा हिशेब आहे.

धक्का किती, आणि भीती किती

गोळी हलकी, म्हणून ती प्रचंड वेगाने पुढे जाते. बंदूक जड, म्हणून ती त्या मानाने हळू मागे येते. .३०३ ची गोळी ११ ग्रॅमच्या थोडी वर असते आणि नळीतून सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिच्यामागून जळलेल्या दारूचा वायू सुटतो, त्याचाही रेटा धरायचा. चार किलोची रायफल त्याने सेकंदाला पावणेतीन-तीन मीटरच्या वेगाने मागे येते. दीड किलो भाजीची पिशवी कमरेच्या उंचीवरून खाली पडली तर जेवढा दणका बसेल, साधारण तेवढी ही ऊर्जा. .२२ या लहान बोअरच्या रायफलीची गोळी अडीच ग्रॅमची, वेग ३३० मीटरच्या आसपास. तिचा धक्का .३०३ च्या शंभराव्या हिश्शाएवढा भरतो, म्हणजे खांद्यावर कुणी बोट टेकवावं तसा. १२ बोअरचा मात्र .३०३ च्या दुपटीच्या घरात जातो. सिनेमात लोक ती एका हाताने उडवतात, ते सिनेमात.

एवढ्यावरून पहिला सल्ला देऊन टाकतो: सुरुवात एअर रायफल किंवा .२२ वर करा. "मला डायरेक्ट मोठीच द्या" म्हणणारा गडी दर हिवाळ्यात एकदा येतोच, आणि पुढच्या रविवारी येत नाही.

आता यातली खरी गंमत. मोठ्या रायफलची गोळी नळीत असते जेमतेम दीड मिलिसेकंद. तेवढ्या वेळात रायफल मागे सरकते दोनेक मिलिमीटर. माणसाच्या शरीराला कशाचीही प्रतिक्रिया द्यायला सेकंदाचा सहावा-सातवा भाग तरी लागतो. म्हणजे धक्का तुम्हाला जाणवतो तोवर गोळी केव्हाच नळीबाहेर पडलेली असते. "धक्क्याने नेम हलला" हे म्हणूनच खरं नसतं. नेम हलतो तो धक्का यायच्या आधी. आता वाजणार, आता लागणार, या विचाराने डोळे मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो, बोट घोडा (ट्रिगर) हिसकतं. कोच मंडळी याला फ्लिंच म्हणतात. आपण दचकणं म्हणू. खाली जे जे सांगतोय त्यातलं बहुतेक सगळं हे दचकणं घालवायला आहे. रेंजवरची शिस्तसुद्धा मला तरी त्याचाच भाग वाटते: स्वतः दचकायचं नाही, दुसऱ्याला दचकवायचं नाही.

घरून निघताना

नागपुरात शूटिंगचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा कॅनव्हास-चामड्याचं शूटिंग जॅकेट चढवून बघा, दहा मिनिटांत आत रस्सा होतो. उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी सहाला पोचा आणि नवाला निघा. पाणी भरपूर घ्या. निघण्याआधी दोन कप कडक चहा टाळा, नाडीचा ठोका साइटमध्ये (नेम धरायच्या खुणेत) दिसतो. उन्हात ठेवलेली रायफल उचलताना बोल्टचा (काडतूस आत सरकवायच्या दांड्याचा) चटका बसतो, गालाखालचा दस्ता घामाने घसरतो. एक रुमाल त्यासाठीच जवळ असू द्या.

कपड्यांचं म्हणाल तर गळाबंद किंवा कॉलरचा शर्ट, डोक्याला पुढे झाप असलेली टोपी, पायात बंद बूट. कारण सांगतो. काडतुसाचं रिकामं खोकं बाहेर उडतं तेव्हा ते चटका देण्याइतकं गरम असतं. ते कॉलरमधून आत गेलं की माणूस हातात रायफल आहे हे विसरून नाचायला लागतो. हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. त्या नाचात नळी कुठे कुठे फिरली ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. चपलेत बोटांमध्ये खोकं अडकलं तरी तेच. ओढणी असेल तर पिन लावून घट्ट बांधा, केस मोकळे सोडू नका.

खांद्याचा भाग मोकळा करा. शर्टाच्या खिशातलं पेन, मोबाईल, चष्म्याचं घर, सगळं बाहेर. गळ्यातली चेन किंवा मंगळसूत्राची वाटी सरकून दस्त्याखाली आली तर तिचा ठसा चार दिवस अंगावर राहतो. बायकांना आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. आतल्या कपड्याचा पट्टा, त्यातही त्याची धातूची कडी, बरोबर दस्ता बसतो तिथेच येते. पट्टा थोडा गळ्याकडे सरकवून घ्या. आमच्याकडे एका ताईंनी तीन रविवार "माझा खांदाच नाजूक आहे" म्हणून काढले, आणि निघाली ती कडी.

कान

कानांचं संरक्षण हा धक्क्याचाच अर्धा उपाय आहे, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. बंद शेडखाली मोठी रायफल वाजली की आवाज छातीत बसतो. ती दणदण मेंदू धक्क्याच्याच खात्यात जमा करतो. .२२ चा आवाजही १४० डेसिबलच्या घरात जातो, मोठ्या रायफलचा १६० च्या आसपास. एवढ्याने कान कायमचा बिघडायला एकच राउंड पुरतो.

फोमचे बोळे नुसते कानावर टेकवून उपयोग नाही. बोळा दोन बोटांत वळून काडीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटाने दाबून धरा. स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमायला लागला की बरोबर बसला. मोठ्या रायफलजवळ बोळ्यांवरून इअरमफही चढवा. शेजारच्या लेनवर मोठी रायफल असेल तर तुमच्या हातात एअर रायफल असली तरी चढवा.

डोळ्यांना चष्मा हवाच. नंबरचा चालतो, पण काच फुटणारी नको.

खांद्यातली खोबण

आता मुख्य काम. उजवा हात समोर खांद्याच्या उंचीवर सरळ करा, डाव्या हाताची बोटं उजव्या खांद्यावर ठेवा आणि चाचपडा. गळपट्टीचं हाड जिथे संपतं त्याच्या खाली आणि खांद्याच्या गोल स्नायूच्या आत एक मऊ खोलगट जागा लागेल. हीच खोबण. दस्ता इथेच बसतो. हाडावर घेतला तर कळ डोक्यात जाते, दंडावर घेतला तर माझ्यासारखं होतं.

शब्दांचा एक घोळ इथेच सोडवतो. दस्त्याला रेंजवर सगळे "बट" म्हणतात. टार्गेटमागे मातीचा जो उंच बांध असतो त्यालाही फौजी लोक "बट"च म्हणतात. "बट पे जाओ" असं ऐकून एक पोरगा रायफलचा दस्ता कुरवाळत उभा राहिला होता.

दस्ता खोबणीत ठेवला की त्याला आत ओढा. किती? घट्ट हस्तांदोलन करतो तेवढं. दात-ओठ खाऊन आवळलं तर हात थरथरतात, सैल सोडलं तर दस्ता आणि खांदा यांत फट राहते. फट राहिली की रायफल आधी वेग घेते आणि मग आदळते, सगळा रेटा एका क्षणात एका बिंदूवर. फट नसली की तोच रेटा शरीराला ढकलत ढकलत जिरतो. धक्का तेवढाच असतो, जिरायला मिळणारा वेळ वाढतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे घेतात तेच हे.

दस्ता तुमच्या हाताच्या मानाने लांब असेल तर तो खोबणीपर्यंत पोचतच नाही, दंडावर सरकतो. आखूड असेल तर घोड्याजवळचा अंगठा धक्क्याबरोबर नाकावर येतो. मापाची घरगुती रीत अशी: दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा, आता तर्जनीचं पहिलं पेर घोड्यावर आरामात पडलं पाहिजे. साधारण अंदाज येतो, बाकी कोच बघेल. जुन्या रायफलींच्या दस्त्याला धातूची पाटी असते, .३०३ ला तर पितळेची. अशा रायफलीवर रबरी पॅड बसवलेला जॅकेट घाला. ज्यांचं वजन कमी आहे त्यांनी तर बिनदिक्कत मागून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

अंग रायफलीच्या मागे आणा

उभं राहून चालवताना नवशिका हमखास मागे झुकतो, कारण रायफल पुढे जड लागते. मागे झुकलेल्याला १२ बोअर एक पाऊल आणखी मागे नेते. डावा पाय थोडा पुढे, वजन किंचित पुढच्या चवड्यावर, गुडघे ताठ न ठेवता सैल. ऑलिंपिकवाले एअर रायफलला कंबर पुढे काढून, मागे रेलून उभे राहतात ते पाहून नक्कल करू नका. त्यांच्या रायफलीला धक्का जवळजवळ नसतो आणि अंगावरचं जॅकेट त्यांना तोलून धरतं. तुमच्या हातात मोठी रायफल असेल तर ती ढब उलटी पडते.

पडून चालवताना दस्त्यामागे थेट खांदा आणि खांद्यामागे पाठीचा कणा येईल असं अंग वळवा. फार तिरकं झोपलात तर धक्क्याला टेकायला मागे काही मिळत नाही, रायफल दर राउंडला बाजूला उडी मारते. टेबलावर वाळूची पिशवी घेऊन बसत असाल तर छाती टेबलाला रेटू नका. शरीराला मागे जायला जागा असली पाहिजे. टेबलावरून बसून चालवताना धक्का सगळ्यात जास्त जाणवतो तो यामुळेच.

गाल दस्त्यावर पक्का टेकवा, मान लांबवून नव्हे, रायफल गालाकडे आणून. टेलिस्कोप असेल तर डोळा आणि काच यांत आठ-नऊ सेंटिमीटर तरी अंतर हवं. बघताना काळी कडा दिसायला लागली की माणूस नकळत डोळा पुढे नेतो आणि टेलिस्कोपची कड भुवईला अर्धचंद्र कोरून जाते. आमच्याकडे अशी खूण असलेले तिघे आहेत. चौथे तुम्ही नको.

श्वास, घोडा आणि त्यानंतरचा एक क्षण

दोन-तीन साधे श्वास घ्या, शेवटचा अर्धा सोडा आणि थांबा. या थांब्यात सहा-आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात जमलं नाही तर रायफल खाली घ्या, पुन्हा सुरू करा. जास्त रोखून धरलं की डोळ्यांपुढे धूसर होतं, आणि अंगात "आता उडवून टाक" अशी घाई शिरते.

घोडा बोटाच्या पहिल्या पेराच्या मधोमध घ्या आणि हळू दाब वाढवत जा. संत्रं पिकलंय का बघायला दाबतो ना, तसा. राउंड कोणत्या क्षणी सुटणार हे तुम्हालाच नेमकं कळता कामा नये. कळलं की दचकणं आलंच.

राउंड सुटल्यावर घोडा लगेच सोडू नका. गाल उचलू नका. टार्गेटकडे मान काढून "लागली काय?" बघायचा मोह सगळ्यांना होतो. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य पदक घेतलं, त्या फायनलची चित्रफीत लावा आणि राउंड सुटल्यानंतरचाच क्षण परत परत बघा. बाकी सगळं नंतर शिकता येईल.

या क्षणात एक माहितीही दडलेली असते. धक्क्याने साइट उसळते आणि परत बसते. ती जिथे होती तिथेच परत बसली तर तुमचं अंग बरोबर लागलंय. दर वेळी डावीकडे बसत असेल तर तुम्ही हातांच्या जोरावर रायफल टार्गेटवर ओढून धरली होती. धक्क्याने ती ओढ सुटली आणि खरी जागा दिसली. मग हाताने दुरुस्ती करायची नाही, पाय किंवा कंबर थोडी सरकवायची.

दचकता का? तपासून घ्या

बहुतेकांना वाटतं आपण दचकत नाही. कोचला सांगा, तोंड वळवून उभे राहा आणि त्याला रायफल भरू द्या. कधी खरं काडतूस, कधी डमी, म्हणजे न वाजणारं खोटं काडतूस. तुम्हाला कळणार नाही. डमीवर घोडा दाबला, नुसतं "टक्" झालं, आणि नळी तरीही खाली ढेपाळली तर ते तुमचं दचकणं. पहिल्यांदा बघताना लाज वाटते. मला पन्नाशीत वाटली. रोज दहा मिनिटं रिकाम्या रायफलीवर सराव केला की दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. पण .२२ ची रायफल अगदी रिकामी वाजवू नका, तिची पिन नळीच्या कडेवर आपटते. आत डमी ठेवा. आणि सरावाच्या खोलीत खरी काडतुसं असताच कामा नयेत.

पहिल्या दिवशी मोठ्या रायफलीचे दहा राउंड पुष्कळ झाले. खांदा दुखायला लागला की शिकणं संपतं आणि सहन करणं सुरू होतं. त्यानंतरचा प्रत्येक राउंड दचकायची सवय लावतो. मध्ये .२२ घ्या, पाच-दहा राउंड टाका, शेवटही .२२ नेच करा. खांदा काळानिळा झालाच तर पहिल्या दिवशी थंड शेक, लगेच चोळायला बसू नका. हळदीचा लेप आईच्या समाधानासाठी, एरवी तो शर्टालाच जास्त लागतो.

जाता जाता स्प्रिंगवाल्या एअर रायफलीबद्दल, कारण पुष्कळ जण पहिली तीच घेतात. साडेचार मिलिमीटर बोअरची, २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. तिचा धक्का विचित्र असतो. आतला दट्ट्या सुटला की रायफल आधी मागे येते आणि दट्ट्या पुढे आदळला की पुढे झेप घेते, आणि हे सगळं पेलेट (एअर रायफलची बारीक गोळी) नळीत असतानाच. म्हणून वर सांगितलेलं "आत ओढा" हिला लागू नाही. हिला हातावर नुसतं टेकवून, सैल, दर वेळी अगदी त्याच जागी धरायचं आणि तिला हवी तशी उडू द्यायची. पेलेट न घालता वाजवली तर दट्ट्या थेट धातूवर आपटतो. साधा टेलिस्कोप लावला तर या पुढच्या झटक्याने तो महिनाभरात खिळखिळा होतो.

रेंजवर पाऊल टाकल्यापासून

रायफल पेटीतून बाहेर काढायची ती फायरिंग लाइनवर, नळी टार्गेटकडे असताना. पार्किंगमध्ये "बघ बे, नवी घेतली" म्हणून उघडून दाखवणाऱ्याला सगळी रेंज लक्षात ठेवते, चांगल्या अर्थाने नाही. बोल्ट उघडा, चेंबर (काडतूस बसायची जागा) डोळ्याने बघा, शंका असेल तर करंगळीने चाचपा, आणि आत रंगीत सेफ्टी फ्लॅग घाला, म्हणजे रायफल रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. कुणाच्या हातात देताना उघडी देणं आणि घेणाऱ्याने पुन्हा स्वतः बघणं, यात कुणी अपमान मानत नाही. "आत्ताच तर बघितली ना मी" हे वाक्य रेंजवर चालत नाही.

बोट घोड्याबाहेर, नळी समोर. प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असं धरायचं आणि टार्गेटमागे काय आहे ते माहीत असायचं. एवढं हाडात मुरेपर्यंत बाकीचं शिकायची घाई नको.

रेंज ऑफिसरचा शब्द शेवटचा. स्पर्धेत "लोड", "स्टार्ट", "स्टॉप", "अनलोड" ऐकू येईल, एनसीसी-फौजेच्या रेंजवर "भर", "खाली कर" (म्हणजे रिकामी कर). "स्टॉप" म्हणजे हातातला नेम पूर्ण करून नव्हे, त्याच क्षणी बोट बाहेर. रेंजवर कुत्रं शिरलं, कुणी पुढे गेलेलं दिसलं, तर "स्टॉप" ओरडायचा हक्क नवशिक्यालाही आहे. चुकून ओरडलात तरी कुणी रागावणार नाही. लोक टार्गेट बघायला पुढे गेलेले असताना रायफलीला हात लावायचा नाही, पुसायलाही नाही. टेबलापासून दोन पावलं मागे उभं राहा.

शेजारी नेम धरत असेल तेव्हा त्याच्या मागून बोलू नका, पेटी आपटू नका, त्याच्या नजरेच्या कडेला हात हलवू नका. मोठी रायफल घेऊन बसणार असाल तर बाजूच्या .२२ वाल्याला आधी सांगा: "भाऊ, आता मोठी वाजणार." तो कान सावरेल, चालू राउंड पूर्ण करेल. हे न सांगता पहिला बार काढणाऱ्याने माझी एक चांगली चाललेली मालिका घालवली होती. वर तोच मला विचारत होता, "काय झालं?" न विचारता कुणाला शिकवू नका, कुणाच्या रायफलीला हात लावू नका, फोटो विचारून काढा. मोबाईल मूक ठेवा.

चुकून शेजारच्या टार्गेटवर मारलीत तर लगेच हात वर करा आणि सांगा. दर सीझनला एकदा सगळ्यांकडून होतं. लपवलं तर त्याच्या गुणांची वाट लागते, आणि भोकं मोजताना कळतंच.

दोन प्रसंग नवशिक्याला गोंधळात टाकतात. घोडा दाबला, "टक्" झालं, वाजलं नाही: नळी समोरच ठेवा, तीस सेकंद थांबा, मग रेंज ऑफिसरला बोलवा. काडतूस उशिरा पेटू शकतं, म्हणून बोल्ट घाईने उघडायचा नाही. दुसरा जास्त धोक्याचा: आवाज फुसका आला, धक्का नेहमीपेक्षा कमी लागला. नवशिक्याला बरं वाटतं आणि तो पुढचा राउंड भरतो. थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी गेली तर नळी फाटते. रायफल रिकामी करून नळी तपासल्याशिवाय पुढे काही नाही.

१२ बोअरवाल्या शेतकरी मंडळींसाठी दोन शब्द वेगळे. पहिले काही बार हलक्या काडतुसांचे मागा, जाड छऱ्यांचे नंतर. गाल घट्ट टेकवा, कारण सगळ्यांच्या तक्रारी खांद्यापेक्षा गालाच्याच असतात. आणि दोन घोड्यांच्या दुनळीत दोन्ही घोड्यांवर दोन बोटं ठेवून बसू नका. पहिल्या धक्क्याने दुसरी नळीही सुटते, मग जे लागतं त्याचं वर्णन मी करत नाही.

निघताना

खोकी वेचा. मोजून परत द्या. काडतुसांचा हिशेब ठेवला जातो, एक कमी निघालं तर सगळी रेंज गवतात वाकते, मग ऊन असो की डास. टार्गेटचे कागद काढा, वाळूची पिशवी जागेवर ठेवा. रायफल पुन्हा उघडून, बघून, पेटीत. गाडीत काडतुसं किंवा पेलेट ठेवून बाजारात फिरायला जाऊ नका. नागपूरच्या उन्हात बंद गाडीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आणि घरी नेण्यासारखं तुमच्याकडे काही असेल तर परवान्याचे कागद बरोबर हवेत. क्लबची रायफल क्लबमध्येच राहते.

शेवटी हात. पेलेट शिशाचे असतात, आणि राउंडच्या धुरातही शिसं असतं. पेलेट तोंडात धरायची काही पोरांना सवय असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. फायरिंग लाइनवर खाऊ नका. कोपरापर्यंत साबण लावा, पाणी थंडच घ्या, तोंडही धुवा. घरी लहान मूल असेल तर शर्ट बदलूनच त्याला उचला. आमची मंडळी रेंजवरून निघाली की थेट तर्री-पोह्यांच्या गाडीवर जातात. तिथे नवीन माणसाला आम्ही आधी हात दाखवायला लावतो. नखांत काळं दिसलं तर त्याची प्लेट थांबते.